डाव्या बाजूचे आटे

आमच्या घरी दारामागे खिळ्याला टायरच्या ट्यूबची एक पट्टी लटकत असायची. दोन बोटं रुंद, हातभर लांब. अण्णा, म्हणजे माझे वडील, बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे घरात फाटक्या ट्यूबचा कधी तुटवडा नव्हता. बादलीची कडी, खाटेचा पाय, सायकलचं कॅरियर, सगळं त्याच रबरानं बांधलेलं. मलाही त्याच रबरानं सरळ ठेवलं होतं. मारण्याआधी अण्णा दोनच शब्द बोलायचे, "आवाज खाली." मग पट्टी खिळ्यावरून उतरायची. मारताना ते चिडलेले नसायचे, आणि हे मला अजून कुणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. नट आवळावा तसं ते मारायचे. पुरेसं झालं की थांबायचे, पट्टी परत खिळ्याला लावायचे आणि जेवायला बसायचे. दुसऱ्या दिवशी क्वार्टर्समधल्या बायका माझ्या पोटऱ्यांवरचे वळ बघून विचारायच्या, काय झालं रे? मी म्हणायचो, काही नाही.

त्या वर्षांनी माझ्या शरीराला एक हालचाल शिकवली. कुणी जवळ उभं राहून अचानक हात वर केला की माझं डावं कोपर वर जातं आणि मान खांद्यांत शिरते. बेचाळिसाव्या वर्षीसुद्धा. जर्मनीत, इंगोलश्टाटच्या ऑफिसात एकदा शेजारच्या सहकाऱ्यानं माझ्या डोक्यावरच्या फळीवरून फाइल घ्यायला हात वर केला, आणि मी, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा सीनियर इंजिनिअर, खुर्चीत अंग चोरून कोपर वर करून बसलो. त्या बिचाऱ्यानं काहीच केलेलं नसताना माझी माफी मागितली. पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी नजर मिळवली नाही.

म्हणून मुलगी झाली तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती. ही हालचाल तिला येता कामा नये. लग्नाआधी बायकोनंही मला स्वच्छ सांगितलं होतं, "तुझ्या घरातलं मला सगळं माहीत आहे. ज्या दिवशी या घरात हात उठेल, त्या दिवशी मी बॅग भरेन." मला राग येतो, आणि येतो तेव्हा फार वाईट येतो. मी दारं आपटली आहेत, एक रिमोट आणि दोन कप फोडले आहेत, पार्किंगच्या जागेवरून एका म्हाताऱ्या बव्हेरियन माणसाशी हमरीतुमरीवर आलो आहे. पण मुलीला कधी बोट लावलं नाही. ती लहान असताना मी मुद्दाम तपासायचो. तिच्या डोक्यावरून झपकन हात न्यायचो. ती पापणीही लववायची नाही, वर बघून हसायची. नऊ वर्षांची झाली तरी तेच. पगार, घर, पासपोर्ट, या सगळ्यांपेक्षा मला त्या न लवलेल्या पापणीचा अभिमान होता.

आई गेल्यानंतर अण्णा एकटेच राहत होते. त्यांना पहिल्यांदा इकडे आणलं ते सप्टेंबरच्या शेवटी, तीन महिन्यांसाठी. एकाहत्तर वर्षं, साठ किलो, कानटोपी. नातीशी ते मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं कुठंही अडत नव्हतं. ते तिला सफरचंदाच्या साली न तुटता एका लांब पट्टीत काढून दाखवायचे. तिनं त्यांचा चष्मा पायाखाली मोडला तेव्हा ते म्हणाले, "असू दे गं, जुनाच होता." मी स्वयंपाकघरात उभा राहून हे ऐकत होतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. हा कोण माणूस आहे? मी चष्मा मोडला असता तर?

ऑक्टोबर आला. इथं ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा जुना संच झिजला म्हणून मी वसंतातच टाकून दिला होता आणि नवा घ्यायचं आज-उद्या करत होतो. ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला टायर घ्यायला वेळ नव्हता.

एका शनिवारी सकाळी मुलीला पोहायच्या क्लासला नेत होतो. अण्णा पुढे माझ्या शेजारी, ती मागे. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा दिसत होता. डॅन्यूबवरच्या पुलावर मात्र रात्रीचं दव गोठलेलं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी माझी राहिली नाही. ती आधी तिरकी झाली, मग आडवी, मग कठड्यावर डावीकडून आदळली आणि घासत गेली. पत्रा फाटल्याचा तो आवाज दातांत जाऊन बसला. आरसा तुटून उडाला. सगळं थांबलं तेव्हा मागून काहीच आवाज येत नव्हता. मी वळून पाहिलं तर मुलीचं तोंड काचेवर आपटलं होतं आणि नाकातून रक्ताची धार लागली होती. ती रडत नव्हती. जॅकेटवर पडणाऱ्या थेंबांकडे बघत होती.

चांगल्या बापानं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी गाडीतून उतरलो आणि चाकाला लाथा घातल्या. पुलावर उभा राहून, शिवराळ मराठीत त्या गाडीची आईबहीण काढत, पाय दुखेपर्यंत. अण्णा केव्हाच मागच्या दारातून आत शिरले होते. त्यांनी मफलर तिच्या नाकाला धरला, तिचं डोकं पुढे वाकवलं आणि "काही नाही, काही नाही" करत बसले. नंतर ते बाहेर आले, पुढच्या टायरला अंगठ्याचं नख रुतवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दगड झालाय. हा थंडीचा माल नाही."

पोलीस आला. त्यानं टायर बघितले, मग मुलीच्या नाकावरचा रक्ताळलेला मफलर बघितला, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "मिट किंड," तो म्हणाला. मूल गाडीत असताना. त्यानं दंड लिहिला, त्याचं मला काही वाटलं नाही. त्या दोन शब्दांनी मात्र कानफटात बसल्यासारखं झालं.

गाडी चालण्याजोगी होती. ती रांगत घरी आणली आणि सोमवारी दुपारी, रस्ता कोरडा आणि ऊन चांगलं तापलेलं बघून, टायरवाल्याकडे गेलो. सोबत अण्णा. औद्योगिक वसाहतीतलं मोठं दुकान, आत रबराचा वास, हवेच्या पान्यांचा खडखडाट, आणि अर्धं शहर रांगेत. पहिलं दव गोठलं की सगळ्यांनाच जाग येते. काउंटरवरची बाई म्हणाली, चाकं आहेत, पण बसवून द्यायला तीन आठवडे टर्मिन, म्हणजे ठरवून द्यायला वेळ, नाही. मी म्हणालो, माझ्या मुलीचं नाक फुटलंय. ती म्हणाली, मला वाईट वाटतं, पण टर्मिन नाही. मी काउंटरवर हात आपटला. पेनांचा डबा उडाला. रांगेतली माणसं बघायला लागली. मी आणखी काहीतरी बोलणार तेवढ्यात मागून हळू आवाजात आलं, "आवाज खाली."

माझं तोंड आपोआप मिटलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, कर भरतो, माणसं हाताखाली आहेत, आणि दोन शब्दांत माझ्या पोटऱ्या चुरचुरायला लागल्या. आतल्या आत मी इतका पेटलो की मला समोरचं नीट दिसेना.

पुढची खरेदी अण्णांनीच केली म्हणायची. निळ्या डगल्यातला एक वयस्कर कारागीर आम्हाला आत घेऊन गेला. स्टीलच्या रिमवर बसवलेले तयार हिवाळी टायर, चार चाकांचा संच, एकावर एक रचलेला. अण्णांनी प्रत्येक चाक खाली उतरवून फिरवलं. नक्षीच्या खाचांमधून बोट फिरवलं. कडेवरचं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी नव्या चष्म्यावरून ते निरखलं. मग टायरला नाक लावून वास घेतला. "नवा माल आहे," ते म्हणाले. "पडून राहिलेला नाही." कारागीर हसला, बाजूवर छापलेला, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष त्यानं बोटानं दाखवलं. खरंच ताजे होते. बसवणार कोण, असं त्यानं विचारलं. शब्द कळले नाहीत तरी अण्णांनी छातीवर हात ठेवला. मी सांगितलं, हे चौतीस वर्षं बसची चाकं बसवत होते. त्या माणसानं हात पुसून अण्णांशी हस्तांदोलन केलं. "कोलेगे," तो म्हणाला. आपल्याच धंद्यातला. जाताना त्यानं बजावलं की पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा. मी लांब दांड्याचा एक नवा पानाही घेतला. खोटं कशाला सांगू, त्या हस्तांदोलनाच्या वेळी मला वडिलांचा अभिमान वाटला होता. तोही मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी म्हणालो, संध्याकाळी चाकं बदलून टाकू. अण्णांनी मान हलवली. "आज हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांचा दिवस." डेपोत खंडेनवमीला सगळे पाने रॉकेलनं धुऊन ओळीनं मांडायचे, गाड्यांना हार घालायचे, साहेब नारळ फोडायचा. त्यांनी आमच्या केलरमध्ये, तळघरातल्या सामानाच्या त्या जाळीच्या खोलीत, चारही चाकं भिंतीला टेकवून उभी केली. समोर जॅक, पक्कड आणि तो नवा लांब पाना. नातीनं सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती वाहिली. अण्णांनी प्रत्येक चाकाला आणि पान्याला हळदकुंकू लावलं. तिनं त्यांना जर्मनमध्ये विचारलं, पान्याला कळतं का, आणि मी ते मराठीत करून सांगितलं. "कळतं तर," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आपण त्याच्याशी नीट वागायचं." तिच्या नाकाची सूज अजून उतरली नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो. बायको कामावर होती. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये आम्ही तिघं जमलो. मुलीकडे स्टीलची वाटी दिली होती, काढलेले बोल्ट ठेवायला. उजव्या बाजूची दोन चाकं आधी घेतली, आणि अण्णांचे हात बघत राहावे असे चालत होते. गाडी उचलण्याआधी बोल्ट सैल करायचे, मग जॅक, मग चाक मांडीवर झेलायचं. गंजून बसलेलं मागचं चाक निघेना तेव्हा त्यांनी लाकडाचा ठोकळा लावून हातोड्यानं आतून चार ठोके दिले आणि ते सुटलं. मला बरं वाटायला लागलं होतं. ऊन होतं, मुलगी बोल्ट मोजत होती, आयन्स, त्स्वाय, द्राय.

डाव्या बाजूची दोन चाकं अजून केलरमध्ये होती. मी ती आणायला खाली गेलो. "तोवर पुढचे बोल्ट सैल करतो," अण्णा म्हणाले.

चाक उचलून जिना अर्धा चढलो असेन तेवढ्यात वरून बंदुकीसारखा आवाज आला. मी चाक तिथंच सोडलं आणि धावलो. अण्णा काँक्रीटवर आडवे पडले होते. हनुवटी फुटली होती, तळहाताचं सालपट निघालं होतं. बोल्ट जाम निघाले तर म्हणून मी केलरमधून आधी आणून ठेवलेला बागेच्या छत्रीचा लोखंडी पाइप त्यांनी पान्याच्या दांड्यावर चढवला होता आणि त्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकला होता. चौथ्या बोल्टचं डोकं तुटून मुलीच्या पायाशी जाऊन पडलं होतं. ती गाडीपासून दोन पावलांवर वाटी धरून उभी होती.

लागलं का, हे मी विचारलं नाही. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"काय केलंत हे?"

"जाम आहेत," ते उठून बसत म्हणाले. "तीन तर जागचे हलेनात. म्हणून पाइप लावला."

"कुठल्या बाजूला फिरवलेत?"

त्यांनी रक्ताळलेल्या हातानं दाखवलं. उजवीकडे.

"अहो, ती आवळायची बाजू आहे."

"डाव्या बाजूचे आटे उलटे असतात," ते शांतपणे म्हणाले. "डाव्या चाकाचा नट उलटा सुटतो. हे काय मला तू शिकवणार?"

जुन्या बसगाड्यांचं तसंच असायचं. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे पाडलेले असत. अण्णांनी आयुष्यात कारचं चाक कधी बसवलंच नव्हतं, आमच्याकडे कार कुठली? चौतीस वर्षं डाव्या चाकाशी बसलं की त्यांचा हात आपोआप उलटा फिरायचा. सुटत नाही म्हणून ते आणखी जोर लावत गेले, आणि जितका जोर लावला तितके ते बोल्ट आवळत गेले. आज हे मी समजुतीनं लिहितोय. तेव्हा मला फक्त तुटलेला बोल्ट दिसत होता, पुलाचा कठडा दिसत होता, आणि हा माणूस, जो आयुष्यात एकदाही चुकलो म्हणाला नव्हता.

मी ओरडायला लागलो. ही बस नाही. हा डेपो नाही. तीन बोल्ट ताणले गेले, चौथा तुटला, आणि हे मला कळलं नसतं तर ह्याच चाकावर मी पोरीला घेऊन ऑटोबानवर गेलो असतो. चाक निखळलं असतं म्हणजे? तुम्हाला कधी कुणी चूक दाखवलीच नाही. दाखवणार कोण? घरात जो बोलेल त्याला तुम्ही फोडत होतात. आई बोलली नाही, मी बोललो नाही. आठवतं का, मी ताटातली भाकरी टाकली म्हणून किती मारलंत? सहामाहीत गणितात नापास झालो म्हणून? मी चालू शकत नव्हतो, अण्णा. शाळेत सांगितलं, जिन्यावरून पडलो.

"हळू. लोक बघतायत," ते म्हणाले. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली होती.

"बघू दे की. क्वार्टर्समध्ये नव्हते का बघत?"

अण्णा उभे राहिले. हनुवटीवरून रक्त शर्टावर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, अगदी तेव्हा बघायचे तसंच, न चिडता.

"आवाज खाली."

पाना माझ्या हातात कधी आला मला आठवत नाही. जमिनीवरून मीच उचलला असणार. एवढं आठवतं की त्याचं वजन फार चांगलं वाटलं, हात डोक्याच्या वर गेला तेव्हा खांद्यात काहीतरी मोकळं झालं, आणि दांड्यावरचं कुंकू माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला मारायचं होतं. इथं शब्द मऊ करण्यात अर्थ नाही. त्या कानटोपीवर, बरोबर मधोमध, मला मारायचं होतं.

अण्णांचं डावं कोपर वर गेलं. मान खांद्यांत शिरली. डोळे घट्ट मिटले.

इतकी वर्षं मला वाटायचं की ही हालचाल माझी आहे, त्यांनी मला दिली. पण ती त्यांना तोंडपाठ होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं कोपर इतक्या चटकन वर जातं, म्हणजे ते पूर्वी कितीतरी वेळा गेलेलं असणार. त्यांना कुणी मारलं होतं, किती, कशानं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पाना खाली यायचाच होता. मी तो गाडीवर आणला. पुढच्या डाव्या मडगार्डवर, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. पत्रा आत गेला, रंग उडाला, दिव्याची काच फुटली. थांबलो तेव्हा माझा श्वास आणि वरच्या खिडकीतल्या बाईचं "हालो? हालो?" एवढंच ऐकू येत होतं. अण्णा अजून कोपर वर करून उभे होते. मी बाजूला पाहिलं. मुलगी तिथंच होती, दोन पावलांवर. तिनं वाटी पायरीवर ठेवली, बोल्ट सांडणार नाहीत अशी नीट, आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर अडलेल्या गाड्यांना मदत करणाऱ्या क्लबचा माणूस आला. त्यानं तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढला, ताणलेले तीन फेकायला लावले, नवे घातले आणि उरलेली दोन चाकं बसवून दिली. मडगार्डकडे बघून त्यानं विचारलं, इथं काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

बायकोला मी आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं.

"मारलंस?"

"नाही. उगारला."

"ती कुठे होती?"

मी सांगितलं. तिनं बॅग भरली नाही. पण ती त्या रात्री मुलीच्या खोलीत झोपली, आणि पुढचे बरेच दिवस.

हनुवटीला चिकटपट्टी लावून अण्णा सफरचंदाच्या साली काढत राहिले. पन्नास किलोमीटर झाल्यावर मी बोल्ट आवळायला पाना काढला तेव्हा ते खिडकीत उभे होते, मला बघून आत वळले. एकदा फक्त, चहा पिताना, कपाकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं." बोल्टबद्दल म्हणाले, की आणखी कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. मीही चुकलो म्हणायला हवं होतं. जिभेवर आलं होतं, पण चहाबरोबर गिळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडला. सकाळी गाडी पांढरी झाली होती. मुलीला शाळेत सोडायचं होतं, अण्णा सोबत यायला निघाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. नव्या टायरवर आता मला भीती नव्हती. मी डिकीतून बर्फ झाडायचा लांब दांड्याचा ब्रश काढला. मुलगी पाठीवर दप्तर घेऊन माझ्या शेजारी उभी होती, शाळेत कुणाचा तरी वाढदिवस आहे असं काहीतरी सांगत होती. छतावरचा बर्फ ओढायला मी ब्रश उचलून डोक्याच्या वर नेला.

तिचं बोलणं तुटलं. डावं कोपर वर गेलं, मान खांद्यांत शिरली.

क्षणभरच. मग तिनं हात खाली घेतला, टोपी नीट केल्यासारखं केलं. ब्रश माझ्या हातात तसाच वर राहिला होता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"निक्स, पापा," ती म्हणाली. काही नाही.

गाडीचं दार उघडलं. अण्णांनी बाजूच्या काचेतून पाहिलं होतं. ते घरातल्या स्लीपरवरच बर्फात उतरले, माझ्यापाशी आले आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. मी सोडला. ब्रश खांद्याच्या वर न नेता, खालूनच, त्यांचा हात पोचेल तेवढा बर्फ ते हळूहळू झाडायला लागले. मी आणि ती गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो.